बडोदा म्युझियम: ममी बघाच, पण अकोट्याच्या मूर्तींसाठी वेळ ठेवा

कमाटीबागेतलं बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरी इथल्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं, आणि मोठेपणी कुणी सहसा परत जात नाही. विचारलं तर दोनच गोष्टी सांगतात, इजिप्तची ममी आणि 1944 साली मही नदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सांगाडा. दोन्ही भारी आहेत, पोरं तिथून हलत नाहीत. पण माझं म्हणणं एवढंच की तिकिटाचे पैसे खरे वसूल होतात ते अकोट्याच्या धातूच्या मूर्तींसमोर.

अकोटा म्हणजे आपलंच अकोटा हो, विश्वामित्रीच्या पलीकडचं, स्टेडियमवालं. तिथे जुन्या काळी अंकोट्टक नावाचं गाव होतं आणि 1950 च्या आसपास तिथल्या जमिनीतून जैन मूर्तींचा मोठा साठाच निघाला, साठहून (60) जास्त मूर्ती, पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या. डॉ. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा आज इथे काचेमागे आहेत.

त्यातली जीवंतस्वामीची मूर्ती नीट बघा. हे महावीरच, पण संन्यास घेण्याआधीचे, राजवाड्यात असतानाच ध्यानाला उभे राहिलेले, त्यामुळे डोक्यावर मुकुट आहे, अंगावर दागिने आहेत आणि चेहरा मात्र या सगळ्यातून केव्हाच बाहेर पडलेला. तशाच दुसऱ्या एका जीवंतस्वामीवर लेख कोरलाय, नागीश्वरी नावाच्या श्राविकेने ही मूर्ती अर्पण केली असा. सहाव्या शतकातली मूर्ती आहे ही! राजेरजवाड्यांची नावं राहतातच, पण आपल्या गावाजवळच्या एका साध्या भक्त बाईचं नाव इतक्या शतकांनी वाचायला मिळतं, मला तर हे वाचून अंगावर काटा आला. मग चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी, साधारण आठव्या शतकातली, तिची उभं राहण्याची ढब बघून धातू किती मऊ दिसू शकतो ते कळतं. आधी मेणात घडवायची, वरून माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, म्हणजे चुकलं की सगळं परत पहिल्यापासून.

पिक्चर गॅलरीचीही गोष्ट आहे. म्युझियम सयाजीराव महाराजांनी 1894 ला उभं केलं, गॅलरीची इमारत 1914 ला तयार झाली पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडायला 1921 उजाडलं. मुघल लघुचित्रंही बघा, शांतपणे, एकेक.

रवि वर्म्याची मोठी पौराणिक चित्रं बघायची असतील तर मात्र लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियमला जा, बाहेरून आलेले लोक हमखास इथेच शोधत बसतात.

पाहुणे आले तेव्हा आम्ही एका टूरवाल्याचं पॅकेज घेतलं होतं, त्याने ममी दाखवली आणि चला चला करत सगळ्यांना बाहेर काढलं, अकोट्याचं नावही घेतलं नाही, फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, स्वतः जा, अख्खी सकाळ हातात ठेवा. तिथून कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, जवळच आहे, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत तिथे, गंगावतरण, मीराबाई, महाभारत. जमलं तर त्याच फेरीत उरकून घ्या.

आणि मुलं बरोबर असतील तर म्युझियम आधी, झू नंतर. उलटं केलंत तर ती दमतात आणि मूर्तींपर्यंत पोचेस्तोवर घरी चला म्हणून मागे लागतात.