आयसीयू, हृदयविकार विभाग: लॅबला पैकीच्या पैकी, स्वच्छतेला नाही

बाबा अकरा दिवस इथे होते. सातव्या दिवशी ताप चढला. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनिए नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. माझ्या पोटात गोळाच आला. शेजारच्या बेडवरच्या आजोबांनाही तोच जंतू!

मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी दोन्ही नमुन्यांचे जीनोम तपासून घेतले आणि मला बसवून नीट समजावलं. दोन्ही जंतू जवळजवळ जुळे, म्हणजे वॉर्डातल्या वॉर्डातच पसरलेले. त्यातलं असली औषधं निकामी करणारं एनडीएम जनुक प्लाझ्मिडवरून (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या तुकड्यावरून) वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातं, हे तेव्हा कळलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

पण सिंकचं पाणी बेडच्या कठड्यापर्यंत उडतंय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. बाबा घरी आलेत. परवा मी फाइल आणायला गेले, तर दारातली सॅनिटायझरची बाटली रिकामीच.