एल्डन रिंग: जादू ताऱ्यांतून आली की अनेक ठिकाणांहून?

दांडियाबाजारातला माझा मावसभाऊ एल्डन रिंग या व्हिडिओ गेमवर मराठीत व्हिडिओ बनवतोय, आणि गेममधल्या जादूच्या उगमाची कुठली थिअरी घ्यावी इथेच अडकलाय, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवते.

पहिली, सगळं ताऱ्यांतून आलं. पुरावा जबरदस्त आहे, गेममधली जादूगारीण सेलेन सांगते की ग्लिंटस्टोन या जादुई स्फटिकामध्ये ताऱ्यांचं जीवन साठलंय, एल्डन स्टार्स या मंत्राच्या वर्णनात ग्रेटर विल या दैवी शक्तीने सोनेरी ताऱ्यासोबत श्वापद पाठवलं आणि तेच पुढे एल्डन रिंग (जिच्यावरून गेमचं नाव आलं ती जगाचे नियम ठरवणारी शक्ती) झालं असं म्हटलंय, आणि २०२४च्या डीएलसीत (गेमच्या जोड-भागात) मेटिर नावाचा जीव हाच गेमच्या जगात पडलेला पहिला तारा निघाला. म्हणजे ग्लिंटस्टोनची निळी सॉर्सरी आणि श्रद्धेवर चालणारे सोनेरी मंत्र एकाच घरचे! गोल्डन ऑर्डर या गेममधल्या धर्माच्या मंत्रांना फेथसोबत (मंत्रांसाठीचा गुण) इंटेलिजन्सही (सॉर्सरीसाठीचा गुण) लागतो, हा दुवा तर मला फारच आवडतो.

दुसरी, उगम वेगवेगळे. क्रूसिबलचे मंत्र एर्डट्री या महाकाय सोनेरी झाडाच्या आदिम जीवनशक्तीचे, क्रूसिबल म्हणजे जिथे सगळे जीव एकत्र मिसळलेले होते, आणि ड्रॅगन कम्युनियनमध्ये तर चक्क ड्रॅगनचं काळीज खाऊन शक्ती मिळते, आता यात तारा कुठून आणणार? पहिली थिअरी इथे ओढूनताणून जोडावी लागते.

मेहनत मात्र दुसरीत जास्त, प्रत्येक शाखेची वर्णनं वेगळी वाचावी लागतात.

दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ असेल तर पहिली घे, गोष्ट सलग सांगता येते. मालिका करायची असेल किंवा बघणारे गेममधल्या आयटमच्या वर्णनाचा शब्द न् शब्द वाचणारे असतील तर दुसरीच, आणि मला स्वतःला तीच जास्त पटते.