मेट्रो ३: गाडी मंजूर, वरच्या रस्त्यावर ऑब्जेक्शन

मी वकिलाचा कारकून. राहायला मरोळ, काम फोर्टात, आणि हातात कायम दोन पिशव्या. एकीत पेपरबुकं, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांचे बांधलेले गठ्ठे, दुसरीत डबा. तेव्हा मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ बद्दल पुढे जे लिहितोय ते ओझं वाहणाऱ्या माणसाचं मत समजा. एसी किती गार आहे आणि सेल्फी कुठल्या स्थानकात बरी येते, हे इतरांनी लिहून झालंय.

आधी एक गोष्ट सांगतो, जी कोर्टाबाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आखणाऱ्यांच्या मनात असो नसो, ही कोर्टांची लाईन झाली आहे. हुतात्मा चौकाला वर आलं की हायकोर्ट आणि सिटी सिव्हिल. सीएसएमटीला किल्ला कोर्ट. काळबादेवीला उतरून धोबीतलावाकडे चालत सुटलं की लघुवाद न्यायालय, भाडेकरूंचे दावे चालतात ते. कफ परेडला उतरून थोडं पुढे गेलं की एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालतात ते न्यायाधिकरण. पूर्वी सकाळी हायकोर्टात फायलिंग आणि दुपारी कफ परेडला सर्टिफाईड कॉपी असं एका दिवसात जमवायचं तर टॅक्सीशिवाय इलाज नसे, आणि टॅक्सीचं बिल साहेबांपुढे ठेवताना आधी त्यांचा मूड बघावा लागे. आता भुयारातून जातो, भुयारातून येतो. साहेब तर म्हणालेसुद्धा, "चला, आता उशीर व्हायला तुम्हाला कारणच उरलं नाही."

कारण पूर्वी भरपूर होतं. मरोळहून बस, अंधेरीहून चर्चगेट फास्ट, मग ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेने हायकोर्ट. उन्हाळ्यात ठीक, पण जुलैमध्ये पेपरबुक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पोटाशी धरून लोकलमध्ये चढायचं आणि तरीही खालचा कोपरा ओला व्हायचा. नोटरीचा जांभळा शिक्का एकदा पाणी लागून पसरला, की ते अ‍ॅफिडेव्हिट पंख्याखाली कितीही वाळवा, काउंटरवरचा माणूस नुसतं बघून मान हलवतो. नवीन करून आणा.

मेट्रोत हे होत नाही. गाडी आणि फलाट एका पातळीवर, मध्ये काचेचे दरवाजे, गाडी थांबली की दोन्ही दारं बरोबर समोरासमोर उघडतात. आठ डबे, आतून सलग. मराठी घोषणा स्पष्ट ऐकू येते. सुरक्षा तपासणीला पिशवी मशीनमधून जाते तेव्हा माझा जीव खालीवर होतो, कारण लाल फितीने बांधलेले गठ्ठे त्या पट्ट्यावर आडवे पडतात आणि पलीकडे कधीकधी फीत सुटूनच बाहेर येतात. हुतात्मा चौकातल्या एका सुरक्षारक्षक ताईंनी हे पाहिलं. आता मला बघितल्यावर त्या पिशवी स्वतः उभी करून ठेवतात आणि म्हणतात, "काका, कोर्टाचं आहे ना? राहू द्या, मी बघते." लोकलमध्ये असं बोलायला कोणाला उसंत होती?

थोडी मोजमापं. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं आरे तेवढं जमिनीवर, बाकी २६ भुयारात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत लोकांसाठी खुली झाली. टोकापासून टोकापर्यंत तासाच्या आत. मरोळ नाक्याला मेट्रो १ मिळते, त्यामुळे आमच्याकडचा वर्सोव्याचा ज्युनिअरही आता माझ्याच गाडीत असतो आणि वाटेत मला न विचारता निकाल समजावून सांगतो. हा तोटा धरायचा का फायदा, ते वाचकांवर सोपवतो.

मला स्वतःला स्थानकांत सगळ्यांत जास्त बघण्यासारखी वाटली ती गिरगाव आणि काळबादेवी. भुयार खोदणारी मोठी यंत्रं होती सतरा, आणि त्यांना सूर्या, वैतरणा, गोदावरी अशी महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती. पण स्थानक काही यंत्र पुढे ढकलून होत नाही. इतर ठिकाणी रस्ता वरून उकरून भला मोठा खड्डा घेतला. गिरगाव-काळबादेवीत तेवढा रस्ता आहेच कुठे? तिथे खडक आतूनच थोडाथोडा फोडायचा, लगेच काँक्रीटचा फवारा मारून, लोखंडी बोल्ट ठोकून छत धरायचं आणि मग पुढे सरकायचं, असं काम केलं. वर शंभर वर्षांच्या चाळी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली हे. काही इमारती गेल्याच. २०१५ मध्ये गिरगावकर रस्त्यावर उतरले होते, आणि तिथेच नव्या इमारतीत घर द्यायचं ठरल्यावर प्रकरण पुढे सरकलं. पागडीच्या खोलीचा माणूस घर सोडताना काय काय कागद मागतो हे मी लघुवाद न्यायालयाच्या जिन्यावर उभं राहून आयुष्यभर पाहिलंय, त्यामुळे फलाटावर उतरलो की गाडीपेक्षा माझं लक्ष वर छताकडे जातं.

खरं तर ही सगळी मेट्रोच आमच्या कोर्टातून गेली आहे. कफ परेडच्या रहिवाशांना रात्री झोप लागेना म्हणून रात्रीच्या कामावर बंदी आली, ती पुढे उठली. २०१७ मध्ये जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या जुन्या इमारतीवरचा दगडी कळस पडला, मेट्रोच्या कामामुळे पडला असा आरोप झाला, तेही प्रकरण हायकोर्टात. आणि आरे, जिथली झाडं पाडून मेट्रोची कारशेड व्हायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं पाडायला सुरुवात झाली, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोवर दोन हजारांच्या वर झाडं पडलेली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला निघाली आणि २०२२ मध्ये परत आरेत आली. त्या शुक्रवारी संध्याकाळी कोर्टातून बाहेर पडलेले तरुण चेहरे मला आठवतात. गाडी उत्तम आहे म्हणून ते विसरावं असं मला वाटत नाही, आणि ते आठवतं म्हणून गाडीत बसणार नाही असंही नाही.

खर्चाचं बोलू. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपये, तो ३७,००० कोटींच्या वर गेला. मोठा वाटा जायका या जपानच्या सरकारी संस्थेच्या कर्जाचा. आता गंमत बघा. ज्या हायकोर्टासाठी मी रोज हुतात्मा चौकाला उतरतो, ती इमारत १८७१ ते १८७८ या काळात बांधली. खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपयांनी कमी! मुंबईत सरकारी काम अंदाजपत्रकात बसवून वर पैसे उरवल्याचं हे उदाहरण मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही.

आता ऑब्जेक्शनं, म्हणजे कोर्टाचं ऑफिस दाखल कागदात काढतं त्या त्रुटी. फायलिंगला गेलेला कुठलाही कागद ऑब्जेक्शनशिवाय परत येत नाही, मेट्रोने तरी का यावं?

पहिलं आणि मोठं म्हणजे वरचा रस्ता. खाली चकचकीत ग्रॅनाइट, दिशादर्शक पाट्या, सरकते जिने. वर आलात की फूटपाथ कुठे उंच, कुठे गायब, कुठे अर्धवट काँक्रीट आणि मध्येच पत्र्याचं बॅरिकेड. आमच्या मरोळला स्थानकाबाहेर पाऊल टाकलं की शेअर रिक्षांची झुंबड, त्यातून वाट काढताना खांद्यावरची पिशवी प्रत्येक आरशाला लागते. मिलिटरी रोडकडे जाणारी बस मिळाली तर मिळाली, आणि मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडंही ५ वरून १० रुपये झालंय. शेवटचा अर्धा किलोमीटर कोणाचा, असं विचारलं तर एक ऑफिस दुसऱ्या ऑफिसकडे बोट दाखवतं. आमच्याकडे याला 'इनवर्ड झालं, पण टेबलावर आलं नाही' म्हणतात.

दादरबद्दल बाहेरगावच्या लोकांना सावध करतो. मेट्रोचं दादर म्हणजे रेल्वेचं दादर नव्हे. तुम्ही गोखले रोडच्या, सेनाभवनाच्या बाजूला वर येता. शिवाजी पार्कला जायचं असेल तर छानच, पण हातात बॅगा घेऊन दादर स्टेशनवर गाडी पकडायची असेल तर फुलवाल्यांमधून, फेरीवाल्यांमधून चांगली पायपीट आहे. सांताक्रूझचंही तसंच, ते हायवेच्या बाजूला आहे. नावावरून उतरू नका, नकाशा बघून उतरा. नावांचंही काय सांगायचं, सिद्धिविनायकाच्या आधी एका विमा कंपनीचं नाव जोडलंय. गणपतीचाही विमा उतरवला असावा.

दुसरं, रेंज. पूर्ण लाईन सुरू झाली तेव्हा भुयारात मोबाईल चालत नव्हता, हे पेपरांत आलंच होतं. ज्याला गाणी ऐकायचीत त्याचं काय बिघडलं? पण हायकोर्टाचा डिस्प्ले बोर्ड आता फोनवर दिसतो, कुठल्या कोर्टात कितवं मॅटर चालू आहे ते. कारकुनाचा अर्धा जीव त्या आकड्यात असतो. भुयारात उतरताना तो २२ होता आणि हुतात्मा चौकाला वर आल्यावर ४१ झालेला असला, की जिन्यावर माझे गुडघे दुखत नाहीत, मी पळतो. आता मी मरोळलाच जमिनीवर असताना बोर्ड बघून घेतो आणि आमच्या शेजारच्या चेंबरच्या कारकुनाला सांगून ठेवतो की मॅटर निघालंच तर साहेबांना हाक मार.

पाण्याचं लोकांच्या मनात बसलंय, म्हणून लिहितो. २६ मे २०२५ ला पाऊस मुंबईत वेळेच्या कितीतरी आधी आला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात, काम चालू असलेल्या प्रवेशाच्या बाजूने पाणी घुसलं. ते स्थानक लोकांसाठी उघडून जेमतेम पंधरवडा झाला होता. गाड्या वरळीपर्यंतच ठेवाव्या लागल्या. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, माझ्या बायकोने तर ते जपून ठेवलेत आणि पावसाच्या दिवशी मी मेट्रोने निघालो की न बोलता फोन पुढे करते. मी तरी जातो. पेपरबुक कोरडं राहतं, एवढा एक मुद्दा मला पुरतो.

भाडं. १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत, आणि मरोळहून फोर्टला जाणाऱ्याला वरच्याच टोकाचं पडतं. अंधेरी ते चर्चगेट लोकलचं साधं तिकीट १० रुपये आहे, पास काढला तर त्याहून स्वस्त. हा फरक ज्याला जाणवत नाही त्याने हे परीक्षण वाचायची गरज नाही. माझं गणित असं बसलंय: ज्या दिवशी मॅटर बोर्डावर आहे, गठ्ठे जास्त आहेत किंवा पाऊस आहे, त्या दिवशी मेट्रो, आणि भाडं व्हाउचरवर. नुसती तारीख घ्यायला जायचं असेल तर अंधेरी फास्ट, स्वतःच्या पासावर. आमच्या ऑफिसातला शिपाई मात्र अजून एकदाही मेट्रोत बसलेला नाही. तो नालासोपाऱ्याहून येतो, त्याच्या वाटेवर ही लाईन येतच नाही.

आणि आता कहर. मेट्रो हायकोर्टाच्या दारात आली ऑक्टोबर २०२५ मध्ये. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, वांद्रे पूर्वेला नव्या हायकोर्टाच्या संकुलाची पायाभरणी सरन्यायाधीशांच्या हस्ते झाली. म्हणजे इतकी वर्षं लोकलमधून आम्ही धक्के खात आलो, भुयार खणून झालं, हुतात्मा चौकाचे जिने पाठ झाले, आणि आता कोर्टच उठून चाललं. मरोळच्या माणसाला वांद्रे जवळ, हे खरं. पण बीकेसी स्थानकातून वर आल्यावर गठ्ठे घेऊन कोर्टाच्या गेटपर्यंत कसं जायचं, हे पुन्हा त्या वरच्या रस्त्यावरच ठरणार. नकाशे काढणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर विनंती एवढीच, की सावली असलेला, सलग, दोन माणसं पिशव्यांसह समोरासमोरून जाऊ शकतील असा फूटपाथ स्थानकापासून गेटपर्यंत आत्ताच दाखवा. इमारत झाल्यावर ऑब्जेक्शन काढायला फार त्रास होतो.

आमच्या व्यवसायातल्या मंडळींसाठी दोन शब्द. गठ्ठे फितीऐवजी जाड रबराने बांधा, मशीनमध्ये सुटत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ लिफ्ट शोधा, स्थानकं खोल आहेत आणि सरकत्या जिन्यावर पिशवी खाली ठेवायला मागचा माणूस देत नाही. ए-वन, बी-टू अशी दारांची नावं आहेत, आपलं दार पाठ करा, चुकीच्या दाराने वर आलात तर सिग्नलला उभं राहण्यात कमावलेली मिनिटं जातात. शेवटची गाडी रात्री साडेदहाची. लिमिटेशनचा, म्हणजे दाखल करायच्या मुदतीचा, शेवटचा दिवस असेल, साहेब ड्राफ्टमध्ये अजून स्वल्पविराम बदलत बसले असतील आणि साडेदहा उलटून गेले, तर पिशव्या उचला आणि ओव्हलच्या कडेने चर्चगेट गाठा. लोकल असतेच.