पहिली गिटार अकूस्टिक की इलेक्ट्रिक? आधी गाणी सांगा

बारावीचा निकाल लागल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, गिटार घ्यायचीय. अकूस्टिक घेऊ का इलेक्ट्रिक?" मी विचारलं, वाजवायचंय काय? म्हणाला, "रॉक. तुमच्या वेळचं." (माझ्या वेळचं नाही, माझ्या जन्माच्या आधीचं आहे ते, पण असो.) म्हटलं, पाच गाण्यांची नावं पाठव, मग बोलू. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली: स्मोक ऑन द वॉटर, विश यू वेअर हिअर, हॉटेल कॅलिफोर्निया, समर ऑफ सिक्स्टीनाइन आणि स्टेअरवे टू हेवन.

क्लासिक रॉक शिकायला निघालेल्या दहापैकी आठ जणांची यादी साधारण अशीच असते. म्हणून तीच समोर ठेवून दोन्ही गिटारींची तुलना करतो.

पहिलं गाणं डीप पर्पलचं. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावातला कॅसिनो जळाला, त्यावरचं हे गाणं १९७२ च्या अल्बमवर आलं. त्याची ती सुरुवातीची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात एका तारेवर वाजवतो. मूळ वादक रिची ब्लॅकमोर मात्र ती तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर, दोन्ही तारा एकदम, पिक (नखी) न वापरता बोटांनी खेचून वाजवतो. सुरुवात तर मोकळ्या तारांनीच होते. म्हणजे डाव्या हाताला काम जवळजवळ नाही. अकूस्टिकवर हे सगळे सूर सापडतात, फक्त ते गुरगुरत नाहीत. इलेक्ट्रिकचा आवाज मोठा करणारी पेटी, म्हणजे अ‍ॅम्प, जरा जास्त तापवला की आवाज फाटतो, चपटा होतो, लांबतो आणि दोन सुरांमधली जागा भरून काढतो. रिफचा अर्धा जीव त्या लांबण्यात आहे. अकूस्टिकवर तीच रिफ देवघरातल्या घंटेसारखी वाजते आणि विरते. हे गाणं इलेक्ट्रिकचं, त्यात वाद नाही.

दुसरं पिंक फ्लॉइडचं, १९७५ चं, आणि ते तितकंच निःसंशय अकूस्टिकचं. सुरुवातीला बारा तारांची गिटार जुन्या रेडिओतून आल्यासारखी ऐकू येते. तिच्यावर दुसरी गिटार जणू खोलीत आपल्या शेजारी बसून वाजते. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, सगळे मोकळ्या तारांचे. ज्याला जी, सी, डी आणि ए मायनर येतात, त्याला अर्धं गाणं आलं. इलेक्ट्रिकवर हे वाजवता येतं, पण लाकडाचा पोकळ श्वास नसला की ते गाणं उगाच गरीब दिसतं.

ईगल्सच्या हॉटेल कॅलिफोर्नियाची गंमत वेगळी. १९७६ च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये बारा तारांच्या अकूस्टिकवर सातव्या फ्रेटला (मानेवरच्या सातव्या आडव्या पट्टीला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून सुरुवात आहे. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालतात. आपल्याकडे मात्र बऱ्याच जणांच्या कानात १९९४ चं ते लाइव्ह अकूस्टिक रूप बसलंय. गाण्याची पट्टी बी मायनर, म्हणजे नवशिक्याला पहिल्याच दोन कॉर्डना आडवं बोट, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबायच्या. त्यावर सोपा उपाय आहे: दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावा आणि ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई असं फिरा. पट्टी तीच राहते आणि बोटं वाचतात. एफ तेवढा वाकुल्या दाखवतो.

ब्रायन अ‍ॅडम्सच्या समर ऑफ सिक्स्टीनाइनबद्दल फार बोलायला नको. तळहाताची कड तारांवर टेकवून दाबून वाजवलेले दोन सुरांचे पॉवर कॉर्ड आहेत. खरं रूप इलेक्ट्रिकवर, पण अकूस्टिकवरही पार्टी उठते.

आणि स्टेअरवे. लेड झेपलिनच्या १९७१ च्या रेकॉर्डिंगमध्ये जिमी पेजने सुरुवात अकूस्टिकवर केली, मध्ये बारा तारांची इलेक्ट्रिक आणली आणि सोलो, म्हणजे गिटारीचा एकटीचा तुकडा, टेलिकास्टर या इलेक्ट्रिकवर वाजवला. स्टेजवर एका गिटारीत हे सगळं मावेना म्हणून त्याने दोन माना असलेली गिब्सन गळ्यात अडकवली. खुद्द पेजला जे एका साध्या गिटारीवर जमवता आलं नाही, ते माझ्या भाच्याला जमवायचं होतं.

म्हणजे पाचातलं एक इलेक्ट्रिकचं, एक अकूस्टिकचं आणि उरलेली तीन दोन्हींची. नुसत्या यादीने निकाल लागत नाही. अशा वेळी मी एक चाचणी सांगतो. ते गाणं आवडीने गुणगुणा आणि तोंडातून काय बाहेर पडतं ते पाहा. शब्द आणि चाल आली, तर तुम्हाला गाताना साथ हवी आहे. अकूस्टिक घ्या. "डँ डँ डँऽऽ, डँ डँ ड-डँऽ" आलं, म्हणजे गायकाचा भाग आपोआप गाळून तुम्ही गिटारच गायलात, तर इलेक्ट्रिक घ्या आणि कुणाचं ऐकू नका.

"कुणाचं" म्हणजे विशेषतः त्या काकांचं, जे सांगतात, "आधी अकूस्टिक शीक, बोटं तयार होतात, मग इलेक्ट्रिक लोणी वाटते." हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि मला तो पटत नाही. बोटं दोन्हीवर तयार होतात. फरक आहे तो तारांमध्ये. अकूस्टिकला सहसा १२ चा संच असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची. इलेक्ट्रिकला ९ किंवा १०. शिवाय अकूस्टिकची तिसरी तार बहुधा वर वेटोळं घातलेली असते आणि इलेक्ट्रिकची साधी, नुसती पोलादाची.

ही तिसरी तार लहानशी बाब वाटते, पण तीच रॉकचा गळा आहे. आपल्याकडे सतारीवर तार खेचून मींड काढतात, तसंच रॉकमध्ये तार ढकलून सूर चढवतात. त्याला बेंड म्हणतात. तिसरी तार सातव्या फ्रेटवर दाबून पूर्ण सूर वर नेणं हा सोलोचा पहिला धडा. इलेक्ट्रिकवर तीन बोटं एकत्र लावली की ते महिनाभरात जमतं. अकूस्टिकवर वेटोळ्याची जाड तार तेवढी ढकलायला कुस्तीगीर लागतो, आणि ढकलली तरी आवाज तोवर संपलेला असतो. मग शिकणारा पोरगा समजतो की आपल्यालाच येत नाही.

ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैलही केल्या. हेवी मेटलचा तो जड, दबका आवाज त्याच हातातून आला. हलकी तार म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी त्याचं ऐकावं.

हार्मोनियम शिकलेल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पॉवर कॉर्ड म्हणजे नुसता सा आणि प, तंबोऱ्याची जोडी. त्यात गंधार नसतो, कारण फाटलेल्या आवाजात गंधार घातला की चिखल होतो आणि सा-प मात्र स्वच्छ राहतात. दुसरं, रॉकचे बहुतेक सोलो ज्या पाच सुरांवर उभे आहेत, ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पुष्कळ जण त्याला मालकंस म्हणतात. मालकंसात प नाही. हा आपला धानी. स्टेअरवेचा सोलो ए ला सा मानून, पाचव्या फ्रेटपासून, मुख्यतः याच घरात फिरतो.

आता अकूस्टिकची बाजू, कारण आतापर्यंत माझा काटा कुठे झुकलाय ते दिसलंच असेल. रॉक म्हणजे वीज, हा समज खोटा आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६८ च्या स्ट्रीट फायटिंग मॅनमध्ये इलेक्ट्रिक गिटारच नाही. कीथ रिचर्ड्सने अकूस्टिक गिटार छोट्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये इतक्या जोरात घातली की तो रेकॉर्डरच गुदमरला, आणि तोच आवाज ठेवला. द हूच्या पिनबॉल विझर्डमध्ये (१९६९) पीट टाउनशेंडचा उजवा हात अकूस्टिकवर जे करतो, ते करायला कित्येक इलेक्ट्रिकवाल्यांना वर्षं लागतील. आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पियानोवर वाढलेला, क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. १९७९ च्या क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्हला त्याने स्वतः अकूस्टिक धरली, मोजक्या कॉर्डवर गाणं उभं केलं, आणि स्टेजवरही ते गाताना गळ्यात गिटार अडकवायचा. ज्याला गायचंय त्याच्यासाठी हा नमुना पुरेसा आहे.

उजव्या हाताची लय अकूस्टिक चांगली शिकवते, कारण तिथे लपायला जागा नाही. उलट इलेक्ट्रिक एक असं कसब शिकवते, जे अकूस्टिकवाल्यांना वर्षानुवर्षं कळतच नाही: न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं. अ‍ॅम्प तापलेला असताना चुकून लागलेली प्रत्येक तार किंचाळते. दोन्ही हातांनी पाच तारा झाकून सहावी वाजवणं, अर्धं रॉक हेच आहे.

घरचा प्रश्न. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन. प्रत्यक्षात उलटं आहे. रात्री अकरा वाजता अकूस्टिक शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाते. इलेक्ट्रिक अ‍ॅम्पला जोडली नाही तर पलंगाच्या दुसऱ्या टोकालाही जेमतेम ऐकू येते, आणि हेडफोन लावले की तुम्ही तुमच्या कानात लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर असता. मात्र हीच गोष्ट कट्ट्यावर, ट्रेकला, हॉस्टेलच्या गच्चीवर उलटते. तिथे प्लग नसतो. शिवाय तिथे झेपलिन कुणी मागत नाही. तिसऱ्या मिनिटाला किशोरकुमारची फर्माईश येते, आणि ती अकूस्टिकच पुरी करते.

पैशाच्या बाबतीत अकूस्टिक सरळ आहे: गिटार, पिशवी, दोन पिक, ट्यूनर फोनमध्ये, संपलं. इलेक्ट्रिकला केबल आणि अ‍ॅम्प लागतो. किमान फोनला किंवा लॅपटॉपला जोडायचा छोटा इंटरफेस तरी हवा. वीस हजार असतील तर वीसची गिटार घेऊन रिकाम्या हाताने घरी येऊ नका. तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. साध्या गिटारीला बरा अ‍ॅम्प मिळाला तर ती भारी वाजते, उलटं होत नाही.

दुकानात "दोन्हीचं काम करते" म्हणून इलेक्ट्रो-अकूस्टिक दाखवतील. ती आवाज मोठा करायची सोय असलेली अकूस्टिकच आहे. तारा त्याच, तिसरी तार तीच. तिला फाटका आवाज दिला की पोकळ पोट घुमायला लागतं आणि शिट्ट्या मारतं. स्टेजवर गायचं असेल तरच घ्या. आणि पहिली इलेक्ट्रिक घेताना ती तरंगत्या घोडीची, फ्लॉइड रोझवाली नको. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात आणि संध्याकाळ पाना फिरवण्यात जाते.

कुठलीही घ्या, सेटअप करून घ्या, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट बसवून घ्या. माझी पहिली अकूस्टिक मी पुण्यात घासाघीस करून घेतली होती. वर्षभर एफ कॉर्ड वाजला नाही. हाताला शिव्या दिल्या, करंगळीला दिल्या. मग एका कारागिराने घोडीवरची पट्टी काढली, खालून दोन मिलिमीटर घासली, परत बसवली आणि म्हणाला, आता दाबा. एफ वाजला. दोन मिलिमीटरपायी वर्ष गेलं.

पावसाळ्याचंही बघा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर अकूस्टिकचं लाकूड दमट हवा पितं, पोट फुगतं, तारा उंच होतात. एकसंध लाकडाच्या महाग गिटारीला हा त्रास जास्त. पहिल्या गिटारीला प्लायचं पोट असलं तर वाईट वाटून घेऊ नका. इलेक्ट्रिकचं अंग भरीव, ती सोसते. तारा दोन्हींच्या गंजतात.

भाच्याला चाचणी सांगितली तेव्हा त्याने अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवला. एक शब्द नाही, नुसतं डँ डँ डँ. इलेक्ट्रिक घेतली. दोन महिन्यांत ब्लॅकमोरची रिफ बोटांनी, दोन तारांवर, बरोब्बर वाजवायला लागला.

मग गणपतीत आमच्याकडे आला, गिटार घेऊन, अ‍ॅम्प घरी विसरून. आरतीनंतर सगळे म्हणाले, वाजव. त्याने वाजवलं. पहिल्या रांगेतल्या आजीलाही ऐकू गेलं नाही. शेवटी मी आतून माझी जुनी अकूस्टिक आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने तिसरी तार ढकलून बघितली, ती जागची हलली नाही, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, ही तुम्ही इतकी वर्षं वाजवताय?"