फेस की माराकेश?

मोरोक्कोसाठी चारच दिवस हाताशी असतील तर मी डोळे झाकून फेस म्हणेन. माराकेशचा जमा अल-फना चौक संध्याकाळी रंगतो हे खरं: धुराने भरलेले खाण्याचे ठेले, वादक, गोष्टी सांगणारे. पण माकडवाल्याचा फोटो काढलात की पैशांसाठी हात पुढे आलाच. तिथे आपण गिऱ्हाईक.

फेसच्या जुन्या शहरात, फेस अल-बालीत, मोटारी शिरतच नाहीत. मागून ‘बालक! बालक!’ अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं. ओझं लादलेलं खेचर येतंय. (आपल्या बालकाशी संबंध नाही, ‘बाजूला व्हा’ असा अर्थ.) गल्लीतल्या सामायिक भट्टीवर घरोघरचे थापलेले गोळे फळीवर, फडक्याखाली झाकून येतात आणि गोल, खरपूस रोट्या होऊन परत जातात. शुक्रवारी बरीच दुकानं बंद, घरोघरी कुसकुस, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्या. शुआरा या कातडी कमावण्याच्या जागी, हौदांपाशी हातात पुदिना देतात. कातडी मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात, त्यामुळे तो नाकाशी धरावाच लागतो.

‘वाट दाखवतो’ म्हणत मागे लागणारे फेसमध्येही आहेत. गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर मात्र सपाट माराकेशच बरं. फेसमध्ये चढउतार फार.