गाभण म्हणून घेतलेली घोडी रिकामी निघाली

आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत. आजोबांची व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतली घोडागाडी, वडिलांनी चालवली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हापासून दादा वरातीची कामं करतो आणि हिशेब मी बघते. घोडी ओळखायला आम्ही कमी पडलो नाही. आम्ही फसलो ते एका कागदावर.

जानेवारीच्या शेवटी उपनगरातल्या एका तबेल्यात दलालाने नुकरी, म्हणजे पांढरीशुभ्र, घोडी दाखवली. सात वर्षांची, शांत, फटाक्यांना न बुजणारी. नुसती घोडी म्हणून तिचे १ लाख ७० हजार झाले असते. तीन महिन्यांची गाभण म्हणून त्याने २ लाख ६० हजार सांगितले. घोडी साधारण ११ महिन्यांनी विते, म्हणजे सप्टेंबरअखेर शिंगरू होणार. दादाने पुरावा मागितला. दलालाने रक्ताचा रिपोर्ट पुढे केला: प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा आकडा ७.८, आणि त्याखाली पेनाने लिहिलेलं ‘गाभण’. सोनोग्राफी करून घेऊ म्हटलं (घोडीची ती गुदद्वारातून हात घालून करतात) तर म्हणाला, ‘ताई, आता आत हात घातला तर गर्भ पडेल.’ आम्ही घाबरलो आणि पैसे दिले.

मग गर्भ टिकवायचं इंजेक्शन सुरू झालं. दर आठवड्याला त्याचा माणूस यायचा आणि लेबल नसलेल्या बाटलीतून सुई भरायचा, १२०० रुपये. अशी नऊ इंजेक्शनं झाली. एप्रिलच्या सुरुवातीला तो माणूस गावी गेला आणि दहा-बारा दिवसांत घोडीने शेजारच्या घोड्याला पाहून शेपूट उचलली. सारखी थोडी थोडी मुतायला लागली. आई म्हणाली, ‘ही माजावर आलीय.’ दलालाला फोन केला तर उत्तर तयार होतं: गाभण घोडीही कधी कधी माज दाखवते. हे खरं आहे, तसं होतं. त्याच्या प्रत्येक थापेत असा एक खरा तुकडा असायचा, म्हणून आम्ही आणखी एक आठवडा घालवला.

शेवटी परळहून ओळखीचे डॉक्टर आले. सोनोग्राफीला पाच मिनिटं लागली. गर्भाशय रिकामं होतं. दादा काही न बोलता तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

डॉक्टरांनी तो रिपोर्ट मागितला आणि मला शेजारी बसवून समजावला. घोडीने बीज सोडलं की त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडतो. गर्भ असो वा नसो, पुढचे दोनेक आठवडे आकडा चढलेलाच असतो. म्हणजे ७.८ वरून फक्त पीतपिंड काम करतोय एवढंच कळतं. त्यातून प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं तर रक्तातला आकडाही वाढू शकतो आणि माजही दबतो. त्या बाटलीत काय होतं हे आता सिद्ध करता येणार नाही, पण सुया थांबल्यावरच माज दिसला हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

गाभण आहे का हे रक्तातून पाहायच्या चाचण्या वेगळ्या आहेत. ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान ईसीजी नावाचं संप्रेरक तपासतात (हृदयाचा ईसीजी नव्हे). तरी तिथेही धोका आहे: ते संप्रेरक सोडणारे पेल्यासारखे उंचवटे गर्भाशयात एकदा तयार झाले की मधेच गर्भ गेला तरी काही आठवडे टिकतात, आणि रिपोर्ट ‘गाभण’ म्हणत राहतो. चार महिन्यांनंतर इस्ट्रोन सल्फेट हे दुसरं संप्रेरक पाहतात. ते गर्भ जिवंत असेल तरच चढतं, म्हणून त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. आणि सोनोग्राफीत तर १४-१६ दिवसांतच गर्भ दिसतो. जाणत्या पशुवैद्याने ती केली तर गर्भ पडत नाही. ती भीती आम्हाला मुद्दाम घातली होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. डॉक्टरांनी कागदाच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. तिथे बायकांच्या मासिक पाळीचे टप्पे आणि गरोदरपणाच्या तिमाह्या छापल्या होत्या. रिपोर्ट माणसांच्या लॅबचा होता. वर घोडीचा रंग नव्हता, खूण नव्हती, चिपचा नंबर नव्हता, वयापुढे नुसतं ‘स्त्री’. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात असाच कागद मी हातात धरला होता आणि तरी मला तो ओळखता आला नाही. ते रक्त घोडीचं होतं की कुणा बाईचं, हेही आता कळायला मार्ग नाही.

तुम्ही गाभण घोडी घेणार असाल तर रक्त तुमच्या डॉक्टरांना तुमच्यासमोर काढू द्या, नळीवर खूण तिथेच लिहून घ्या आणि सोनोग्राफीशिवाय गाभण म्हणून एक रुपया जास्त देऊ नका. डॉक्टर ओळखीचे नसतील तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून इथेच आहे. मी तिथे आधी विचारायला हवं होतं.

पोलिसांत अर्ज दिला आहे, सोबत रिपोर्ट जोडला आहे. पावतीवर नुसतं ‘घोडी एक’ लिहिलं असल्यामुळे वरचे ९० हजार कशाचे हे दाखवणं अवघड जातंय. घोडी आमच्याकडेच आहे, तिचा काही दोष नाही. परवा दादाच्या ओळखीतल्या एकाला दुसऱ्या घोडीसाठी तसाच कागद दाखवला गेला. आकडा वेगळा होता, खाली छापलेल्या तिमाह्या त्याच. त्याने व्यवहार थांबवला आहे.