बाळाच्या नावाचं पेड अ‍ॅप: हिरा लावून अल्बानियाचा राजा विकायलेत

आधीच सांगते, फुकटवालं चालतंय, 499 चं प्रीमियम घेऊ नका. अ‍ॅपचं नाव इथं लिहीत नाही, असली डझनभर अ‍ॅप आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळी सारखीच, तेव्हा जे सांगायलेय ते तुमच्या मोबाइलमधल्यालाही लागू पडंल.

भावाला मुलगा झाला, मी आत्या, म्हणजे बारशाला लेकराच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं काम माझं. गुरुजींनी कृत्तिकेचं पहिलं चरण, मेष रास, अक्षर 'अ' असं काढून दिलं. आता 'अ' म्हणजे लई गर्दी हो. मी लातूरला शाळेत इतिहास शिकवते, हजेरीला 'अथर्व' म्हणलं की कोपऱ्याकोपऱ्यातून 'हजर मॅडम' येतंय, अर्णवचं तेच, आदित्यचं तर विचारूच नका. वहिनीची अट एकच, वर्गात त्या नावाचं दुसरं पोरगं नसावं. आणि अ‍ॅपवाल्यांनी नेमकी 'दुर्मिळ' नावं कुलुपात ठेवलेली, पैसे भरले की उघडणार. भरले.

कुलूप उघडल्यावर पहिल्याच पानावर जे कार्ड आलं ते असं होतं. वर मोठ्या अक्षरात 'अग्रोन', शेजारी निळा हिरा, हिऱ्याखाली 'अति दुर्मिळ'. मूळ: संस्कृत. अर्थ: सदैव अग्रभागी राहणारा. खाली स्पीकरचं चित्र, ते दाबलं की एक अमेरिकन बाई 'अ‍ॅऽग्रॉन' म्हणती, खताच्या कंपनीचं नाव घेतल्यावानी. वहिनी खूश, दादा पण खूश, ग्रुपवर अंगठे पडायला लागले. मला मात्र ते नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं म्हणून मी फिल्टर बदलून 'युरोपियन नावं' लावलं, तर तिथं तेच अग्रोन, तोच हिरा, पण मूळ: अल्बानियन, अर्थ: राजाचं नाव. एकाच अ‍ॅपमधी एकाच नावाला दोन देश आणि दोन अर्थ. मग काय, मास्तरीण जागी झाली.

खरं असं आहे की अग्रोन हा इलिरियाचा राजा, आर्दियाई लोकांचा, एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा, आजच्या अल्बानिया-माँटेनेग्रोकडचा. काळ म्हणाल तर इकडं सम्राट अशोकाची शेवटची वर्षं चालू होती तेव्हाचा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं त्याची गोष्ट लिहून ठेवलीय: मॅसेडोनियाचा राजा दुसरा डिमेट्रियस यानं पैसे देऊन अग्रोनला मदतीला बोलावलं, मेडियन नावाच्या गावाला ग्रीसमधल्या एटोलियन लोकांनी वेढा घातला होता तो उठवायला. अग्रोनच्या शंभर होड्या पाच हजार माणसं घेऊन गेल्या आणि त्या काळात स्वतःला लई शूर समजणाऱ्या एटोलियनांना त्यांनी झोडपून काढलं. राजाला एवढा आनंद झाला की जेवणावळी आन दारू अशी चालली अशी चालली की प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज, होऊन थोड्याच दिवसात खलास. साधारण इ.स.पू. 231. मागं राणी तेउता, गादीवर सावत्र लेकरू पिन्नेस, ते लहान म्हणून कारभार तिनं हातात घेतला आणि इ.स.पू. 229 मध्ये थेट रोमशी युद्ध ओढवून घेतलं. बाई जबरदस्त होती, तिच्यावर वेगळं लिहावं लागंल.

हे मी ग्रुपवर टाकलं, आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पिऊन मेलेल्याचं नाव ठेवता व्हय लेकराला?" विषय तिथंच अर्धा संपला.

अर्थाचं म्हणाल तर काही जण ते ग्रीक 'अग्रोस', म्हणजे शेत, याच्याशी जोडतात, पण ते जुळवलेलं असायची शक्यता जास्त, राजांची नावं जुनी असतात आणि अर्थ मागून चिकटतात. तसं बघितलं तर 'शेत' हा अर्थ आम्हाला चालला असता, घरचं सोयाबीनच आहे. आणि अ‍ॅपला संस्कृतशी नातं लावायचंच होतं तर वेदातला 'अज्र' हा शब्द त्या 'अग्रोस'चा चुलतभाऊ आहे, तो घ्यायचा, 'अग्र'शी काय संबंध? पण एवढं कोण बघायलंय, ऐकायला सारखं वाटलं की ठोकून दिलं. पुढं 'स्कंदर' नावाचं कार्ड आहे, त्यावर स्कंद म्हणजे कार्तिकेय असा अर्थ लिहिलाय. अहो तो अल्बानियाचा स्कंदरबेग, मूळ नाव गेर्ज कास्त्रिओती, 1405 ते 1468, त्यांचा राष्ट्रपुरुष, तुर्कांशी पंचवीस वर्षं झुंजला. आणि नाव त्याला तुर्कांनीच दिलेलं, इस्कंदर बेग. म्हणजे शेवटी आपला सिकंदर! मराठवाड्यात कुठल्याही गावात सिकंदरभाई भेटतील, त्याला हिरा लावून विकायचं म्हणजे कमाल आहे.

आता माझा खरा राग ज्याच्यावर आहे तो हिरा. 'दुर्मिळ' हे नेमकं ठरवतात कसं म्हणून मदतीचं पान उघडलं, तर तिथं बारीक अक्षरात लिहिलंय की ज्या नावाला आमच्या वापरकर्त्यांनी कमी हार्ट दिले ते दुर्मिळ. म्हणजे कुणालाच आवडलं नाही त्याला हिरा आणि त्याचे आपल्याकडून पैसे.

अग्रोन लातुरात दुर्मिळ आहे, कबूल. पण अल्बानियाची राजधानी तिराना किंवा शेजारच्या कोसोवोतल्या प्रिश्टिनाच्या बाजारात उभं राहून 'ओ अग्रोन' म्हणून हाक मारली तर चार माणसं वळून बघतील. तिकडं ते आपल्या बालाजी-व्यंकटवानी रुळलेलं नाव आहे. आणि ते तसं होण्यामागं कारण आहे, तेच मला सगळ्यात भारी वाटलं. अल्बानिया पाच शतकांच्या आसपास तुर्की सत्तेखाली होता, 28 नोव्हेंबर 1912 ला व्लोरा शहरात स्वातंत्र्य जाहीर झालं. लोक एकच भाषा बोलणारे पण धर्म तीन-तीन, मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, त्यामुळं नाव ऐकलं की धर्म कळायचा. एकोणिसाव्या शतकात जी राष्ट्रीय जागृती झाली तिच्यातल्या लोकांनी म्हणलं आपण इलिरियन लोकांचे वंशज, मग त्यांच्या राजांची नावं ठेवू, ती कुठल्याच धर्माची नाहीत. अग्रोन, बार्धुल, गेंट, इलिर, मुलींमधी तेउता. पुढं एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीनं तर 1967 ला धर्मावरच बंदी आणली, 1975 ला फर्मान काढलं की न पटणारी नावं बदला, आणि इलिरियन नावांना सरकारी जोर मिळाला. त्याच काळात 'मारेंगलेन' असलं पण नाव निघालं, मार्क्स-एंगेल्स-लेनिन एकत्र कालवून. विनोद नाही, खरी माणसं आहेत त्या नावाची.

तर ज्या नावामागं एवढं रामायण आहे त्याच्या कार्डावर 'सदैव अग्रभागी राहणारा' एवढी एक ओळ. पैसे कशाचे घेतले मग?

अजून एक गंमत. यादीत 'अग्रोन' आणि 'अग्रोनी' अशी दोन वेगळी नावं, 'इलिर' आणि 'इलिरी' पण तसंच, आणि जाहिरात अशी की आमच्याकडं हजारो नावं. अल्बानियन भाषेत नावाला प्रत्यय लागतो, अग्रोन आला म्हणायचं तर 'अग्रोनी' होतंय, अग्रोनला बघितलं तर 'अग्रोनिन'. म्हणजे आपण बालाजी, बालाजीनं, बालाजीला ही तीन नावं धरून मोजल्यासारखं. असं मोजलं तर आमच्या गावात पण हजारो नावं निघतील.

आणि 'ग्रानिट'! तोच निळा हिरा, अर्थ 'कणखर'. अहो ग्रानिट म्हणजे ग्रॅनाइट, दगड. स्वित्झर्लंडचा फुटबॉल कॅप्टन ग्रानिट जाका आहे ना, आईवडील कोसोवोचे अल्बानियन, त्याचं नाव ते. मी लगेच सर्चमधी 'दगडू' टाकून बघितलं. नाही. 'धोंडिबा' नाही, 'केरबा' नाही. लेकरं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी ठेवलेली नावं, आज खरोखर कुणी ठेवत नाही, म्हणजे दुर्मिळच की, पण त्यांना हिरा नाही. युरोपातला दगड चालतो, गावचा चालत नाही. भावाला म्हणलं दगडू ठेवू, वहिनी दोन दिवस बोलली नाही.

बाकी फीचर पटापट सांगते. घरच्यांना लिंक पाठवून मतदान घेता येतं, हे मात्र झकास आहे, गावाकडं रेंज कमी असून पण चाललं, बाबांनी चष्मा न लावता मत दिलं एवढी अक्षरं मोठी. इंग्रजी स्पेलिंगचे पर्याय दाखवतं, ते पण उपयोगी. अंकशास्त्राचं पान म्हणजे निव्वळ वेळ घालवायचा धंदा. हे दोन्ही चांगले भाग फुकटच्यात पण आहेत बरं का.

वर टायमर फिरत राहतो, 'आजच नाव लॉक करा, नाहीतर दुसरे पालक घेतील'. नाव काय प्लॉट आहे का? जन्मनोंदणीत नाव घालायला बारा महिने काही फी नाही, त्यानंतर पण पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं, त्यामुळं त्या टायमरकडं बघून घाई करू नका, बारसं पुढं ढकलायचं असलं तर ढकला.

मूळ चुकीचं लिहिलंय म्हणून मी स्क्रीनशॉटसकट कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या सुंदर बाळाला आशीर्वाद! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' कार्ड अजून तसंच, मूळ संस्कृत, अग्रभागी. रिफंडचं विचारलं त्याला तर आशीर्वाद पण आला नाही.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही मतदानाचे. घेतलंच असलं कुणी तर सेटिंगमधी जाऊन ऑटो-पे आधी बंद करा, पुढच्या महिन्याला परत 499 कापतंय.